पानावर दोनच ओळी, मग पुस्तकाचे पैसे कशाचे?

प्रश्न : माझा नातू चार वर्षांचा आहे. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे दुपारपासून तो माझ्याजवळच असतो. सून गुजराती, म्हणून घरात दोन्ही भाषा, आणि शाळा इंग्रजी. पुण्याच्या भाचीने त्याला मराठीतली पाच-सहा नवी चित्रांची पुस्तकं पाठवली. एकेका पानावर एक नाहीतर दोन ओळी, पाच मिनिटांत पुस्तक संपतं. शेवटी बोध असा काहीच नाही. एकात तर हत्ती चक्क निळा आहे! किंमत पाहिली तर प्रत्येकी शंभराच्या वर. माझ्याकडे बोधकथांचं चांगलं जाडजूड पुस्तक आहे, पण ते हातात घेतलं की हा पळतो. आणि या नव्यांतलं एकच पुस्तक रोज पुन्हा पुन्हा मागतो. अशी पुस्तकं घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं नाही का? घ्यायचीच तर कोणती घ्यावीत, आणि बडोद्यात ती मिळणार कुठे? सुनेलाही त्याला वाचून दाखवायची हौस आहे, पण ती मराठी शिकलेली नाही. की सरळ मोबाईलवर गोष्टी लावून द्याव्यात?
— एक आजी, दांडिया बाजार, बडोदे

नमस्कार आजी,

भाचीने पाठवलेली पुस्तकं कपाटात वर ठेवू नका, नातवाचा हात पोचेल अशा खालच्या फळीवर ठेवा. चार वर्षांचं मूल एखादं पुस्तक रोज मागतं, तेव्हा ते पुस्तक त्याच्यासाठी योग्य आहे याचा याहून मोठा दाखला नको. पैसे वाया गेलेले नाहीत. फक्त ही पुस्तकं वाचायची रीत आपल्या सवयीपेक्षा वेगळी आहे, म्हणून ती पाच मिनिटांत संपल्यासारखी वाटतात.

आपण लहान असताना गोष्टीच्या पुस्तकात चित्र क्वचित यायचं. चार पानं वाचून झाली की एक चित्र, आणि त्यात वाचलेलंच पुन्हा दिसायचं. चांगल्या चित्रपुस्तकात लेखक मुद्दाम अर्धीच गोष्ट सांगतो आणि उरलेली चित्रकाराच्या हवाली करतो. समजा, पानावर एवढंच लिहिलंय : 'आजोबा बाजारातून बटाटे घेऊन आले.' चित्रात मात्र आजोबांच्या पिशवीला खालून भोक आहे, मागे रस्त्यावर बटाटे ओळीने पडलेत आणि एक बकरी ती ओळ धरून आजोबांच्या मागोमाग येते आहे. वाचणारा मोठा माणूस वाक्य वाचतो, पान उलटतो आणि पुढे जातो. मांडीवरचं मूल बकरी बघत असतं. आजोबांना अजून न कळलेली गोष्ट त्याला कळलेली असते, आणि पुढच्या पानावर काय होणार याची त्याला घाई झालेली असते. ही बकरी मजकुरात लिहिली तर सगळी मजा जाईल. म्हणून ओळी कमी असतात. त्या कमी ठेवायला लेखकाला जास्त कष्ट पडतात.

आमच्या बालवाडीतली एक मुलगी गोष्टीच्या तासाला तोंडातून चकार शब्द काढत नसे. घरी कच्छी बोलायचे, आमचं मराठी-गुजराती तिच्या कानांना नवं होतं. एकदा पावसाच्या गोष्टीचं पुस्तक चाललं होतं आणि सगळ्या मुलांचं लक्ष छत्री उडालेल्या मुलाकडे होतं. ही उठली, पुढे आली आणि पानाच्या कोपऱ्यातल्या एका खिडकीवर बोट ठेवून उभी राहिली. खिडकीत नखाएवढी एक बाई होती. पान उलटलं, पुढच्या चित्रात ती बाई वाळत घातलेले कपडे ओढत होती. त्याच्या पुढच्यात खिडकी बंद आणि एक मोजा दोरीवर राहून गेलेला. मजकुरात या बाईचा कुठेच उल्लेख नव्हता. त्या मुलीने तीन भाषांची मिसळ करून त्या बाईची गोष्ट सगळ्या वर्गाला सांगितली आणि राहिलेल्या मोज्याचं काय झालं असेल यावर पोरांची पुष्कळ वादावादी झाली. अक्षर एकही येत नसताना तिने पुस्तक वाचलं होतं. आधी काय झालं, नंतर काय झालं, कोणाला काय वाटलं, हे ताडून बघत होती. पुढे अक्षरं आल्यावरही वाचताना हेच करायचं असतं.

तर आज रात्री असं करून बघा. पुस्तक उघडायच्या आधी मुखपृष्ठावर थांबा. त्याला बघू द्या. मग एक पान वाचा आणि गप्प बसा. त्याचं बोट चित्रावर फिरेल, ते जिथे थांबेल तिथे तुम्हीही थांबा. पान त्यालाच उलटू द्या, मागे जायचं म्हणाला तर मागे जा. 'हा कोण? रंग कोणता? किती पक्षी?' अशी परीक्षा घेऊ नका. शाळेत ते होतंच, आणि एका शब्दात उत्तर देऊन मूल मोकळं होतं. त्याऐवजी 'अगंबाई, हा असा का बघतोय?' किंवा 'आता काय करतील हे?' असं आपलं आपणच नवल करा. तो बोलला तर त्याचंच वाक्य थोडं वाढवून परत द्या. 'भूभू पळाला' म्हणाला तर 'हो, मांजरीला बघून पळाला, शेपूटसुद्धा आत घेतलीय बघ त्याने.' 1988 मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वाचनाचा अभ्यास केला होता. दोन्ही गटांतले पालक आपल्या लहानग्यांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवत होते. एका गटाला मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचं बोलणं वाढवून द्यायला शिकवलं होतं. महिनाभरात त्या गटातली मुलं बोलण्यात पुढे गेलेली दिसली. पुस्तकं दोन्हीकडे होती, फरक गप्पांनी पडला. असं वाचलंत तर तुमचं पाच मिनिटांचं पुस्तक अर्धा तास पुरेल.

रोज तेच पुस्तक मागतो याचा तुम्हाला कंटाळा येणं साहजिक आहे, पण त्याला नाही म्हणू नका. 2011 मध्ये इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांनी नवे शब्द तीच ती गोष्ट ऐकताना ऐकले, काहींनी तेच शब्द, तितक्याच वेळा, पण वेगवेगळ्या गोष्टींत ऐकले. शब्द जास्त लक्षात राहिले ते तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. पहिल्यांदा ऐकताना मुलाचं सगळं ध्यान पुढे काय होणार यात असतं. ते ठाऊक झालं की मग त्याला शब्द ऐकायला, कोपरे धुंडाळायला सवड मिळते. एखाद्या रात्री ओळीच्या शेवटचा शब्द तुम्ही गाळा, तो पुरा करेल.

बोधाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. या वयाला तात्पर्याची ओळ नको. पडलेल्या मुलाला दुसऱ्याने हात दिला हे चित्रात दिसलं की मुलाला ते पोचतं. त्यावर आपण 'म्हणून आपण नेहमी मदत करावी' असं जोडलं, की ते ऐकायचं थांबतं. तुमचं बोधकथांचं पुस्तक वाईट नाही, चार वर्षांच्या मुलाला ते लवकर होतंय इतकंच. त्यातल्या गोष्टी पुस्तक मिटून, जेवण भरवताना तोंडी सांगा. तुमचे हातवारे आणि आवाज असले की तो पळणार नाही. वाचून दाखवायला ते दोन-तीन वर्षांनी काढा.

आता तो निळा हत्ती. आपल्या छोटा उदेपूरकडच्या राठवा लोकांच्या घरी भिंतीवर पिठोरा काढतात, तो कधी पाहिलात का? ते काढणारे लखारा लोक ओळीने घोडे काढतात, त्यात लाल, हिरवे, निळे, सगळे असतात. त्या घोड्यांना कोणी खोटं म्हणत नाही. मुलांनाही रंगाची अडचण नसते. हत्तीचं वजन, चाल, कान हलवणं चित्रात उतरलंय का, ते त्यांना बरोबर कळतं. खरे प्राणी कसे असतात हे कळावं अशी तुमची काळजी असेल, तर त्यासाठी पुस्तकावर अवलंबून राहायची आपल्या गावात तरी गरज नाही. कमाटीबागेत प्राणी आहेत, आणि तिथल्याच म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा देवमासा. एखाद्या पुस्तकात देवमासा आला की नातवाला घेऊन तो सांगाडा बघायला जा. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू द्या. घरी आल्यावर तेच पुस्तक पुन्हा उघडा आणि तो चित्राकडे कसा बघतो ते पाहा. मगरीच्या गोष्टी तर मगरींच्या विश्वामित्री नदीकाठच्या मुलांना किती जवळच्या वाटतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

सुनेबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून फार बरं वाटलं. तिला हौस आहे ना, मग भाषेपायी ती मोडू नका. तिला देवनागरी वाचता येत असणार, गुजराती शाळांत हिंदी शिकवतात. 'ळ' तिच्या भाषेतही आहे. 'चमचा' आणि 'चिमणी' यांतले 'च' वेगळे आहेत, तिथे ती अडेल. अडू द्या. चूक काढायला मधे जाऊ नका, विचारलं तर सांगा. नातू स्वतःच आईला दुरुस्त करू लागेल आणि त्यात दोघांनाही गंमत वाटेल. पण माझी खरी सूचना वेगळी आहे. तूलिका आणि प्रथम बुक्स हे प्रकाशक एकच चित्रपुस्तक अनेक भाषांत काढतात, त्यांत मराठी आणि गुजराती दोन्ही असतात. अशी एक-दोन पुस्तकं दोन्ही भाषांतली घ्या. दुपारी तुम्ही मराठीतून वाचा, रात्री आई गुजरातीतून वाचेल. चित्रं तीच, बटाटे तेच, बकरी तीच. एकाच चित्राला दोन्ही घरांचे शब्द मिळाले की दोन्ही भाषा त्याच्या स्वतःच्या होतात. मूल गोंधळेल ही भीती मनातून काढून टाका. बडोद्याच्या पोळांमधून, म्हणजे जुन्या गल्ल्यांमधून, पिढ्यान् पिढ्या मुलं दोन-तीन भाषांत वाढली आहेत. मराठी मागे पडेल अशी तुमच्या मनात काळजी असेल, तर ती मी समजू शकते, मलाही वाटते. त्यावर उपाय एकच, तुम्ही त्याच्याशी न थांबता, भरपूर, चांगलं मराठी बोलत राहणं. आईच्या गुजरातीने त्यातलं काही कमी होत नाही.

कोणती घ्यावीत? मराठीत सुरुवात करायची तर ज्योत्स्ना प्रकाशनाच्या यादीपासून करा. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतः काढतात, त्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांच्या पायात येत नाहीत. घर, शेजार, पाहुणे असं रोजचं जग त्यांच्या पुस्तकांत असतं आणि भाषा आपल्या घरातली. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात आणि त्यांत कित्येक उत्तम चित्रकार आहेत, कागद साधा असतो म्हणून नाकारू नका. प्रथमच्या पुस्तकांवर वाचनाची पातळी 1 ते 4 अशी छापलेली असते. नातवासाठी पहिली-दुसरी घ्या, तुम्ही वाचून दाखवणार असाल तर तिसरीतलंही चालेल. भोपाळच्या एकलव्य या संस्थेची हिंदी पुस्तकं मला मनापासून आवडतात, तुमच्या घरात हिंदीही चालेल. पुस्तकाबरोबर दर महिन्याला काही नवं यावं असं वाटत असेल तर पुण्याहून निघणारं 'चिकूपिकू' हे लहानग्यांचं मासिक लावा.

नावांपेक्षा मात्र हातात घेऊन पारखणं महत्त्वाचं, कारण नव्याच्या नावाखाली वाईटही पुष्कळ येतं. मजकुरावर हात ठेवा आणि नुसती चित्रं बघत शेवटपर्यंत जा. काहीतरी गोष्ट लागली तर पुस्तक घ्या. सगळ्या पानांवर तीच बाहुलीसारखी डोळे मोठे केलेली, एका साच्यातली तोंडं असतील तर परत ठेवा, कितीही गुळगुळीत कागद असला तरी. मग एक पान मोठ्याने वाचा, दुकानात वाचा, लाजू नका. जीभ अडखळली, घरात कोणी बोलत नाही अशी वाक्यं लागली, तर ते भाषांतर घाईत झालंय. यमक जुळवण्यासाठी ओढूनताणून शब्द घातलेली गाणी तर अजिबात नकोत. शिलाई बघा. नुसतं डिंकाने चिकटवलेलं पुस्तक चार वर्षांच्या हातात आठवडाभरात सुटतं. आणि दहा पुस्तकांचा संच स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. त्या पैशांत निवडून दोन घ्या.

मोबाईलचं थोडक्यात सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर बसण्याचा वेळ दिवसाला एक तासाच्या वर जाऊ नये, कमी असेल तितकं बरं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं आहे. हलत्या चित्रांत पान थांबत नाही, बोट ठेवायला जागा मिळत नाही. 'लावून देणं' म्हणूनच नको. मोबाईलचा उपयोग तुम्ही करा. प्रथम बुक्सने 2015 मध्ये स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ सुरू केलं, त्यावर मराठी आणि गुजरातीतली पुष्कळ चित्रपुस्तकं फुकट आहेत, उतरवून छापूनही घेता येतात. विकत घेण्याआधी कोणतं पुस्तक त्याला आवडेल ते तिथे बघून ठरवा. एखादं फारच आवडलं तर तुमच्या मुलाला सांगून रंगीत छापून घ्या आणि दोऱ्याने शिवा. नातवालाच सुईत दोरा ओवताना बघू द्या.

राहिला प्रश्न मिळण्याचा. मराठी चित्रपुस्तकांचं दुकान बडोद्यात शोधत बसण्यापेक्षा प्रकाशकांकडून टपालाने मागवा, किंवा मुंबई-पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला मिठाईऐवजी एक पुस्तक आणायला सांगा, आणि कोणतं ते नाव लिहून द्या. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांच्या विभागात नातवाला एकदा घेऊन जा. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये ग्रंथालयाचे जाणकार विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेतून बोलावून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, तेव्हा पेट्यांमधून पुस्तकं गावोगाव फिरवली जात. जिथे ग्रंथालय नाही तिथे पेटी जायची, लोक वाचायचे, पेटी पुढच्या गावाला. 1912 मध्ये महाराजांनी पुस्तकं लिहवून घेण्यासाठी दोन लाख रुपये वेगळे काढले आणि त्यातून जी मालिका उभी राहिली तिच्यात मुलांसाठी 'सयाजी बालज्ञानमाला' होती, मराठीत आणि गुजरातीतही. आपण त्याच गावात राहतो. तुमच्या दांडिया बाजारात आणि आसपास लहान नातवंडं असलेली सात-आठ मराठी घरं तुम्हाला नक्की ठाऊक असतील, गणपतीत आरतीला भेटत असतील. प्रत्येकाने निवडून दोन पुस्तकं घ्यावीत, वेगवेगळी, आणि एका पत्र्याच्या पेटीत घालावीत. पंधरा दिवस पेटी एका घरी, मग पुढच्या. शंभर-दीडशे रुपयांचं पुस्तक सात-आठ मुलांनी वाचलं की ते महाग राहत नाही. पेटीत एक वही ठेवा आणि कोणत्या मुलाने कोणतं पुस्तक पुन्हा पुन्हा मागितलं ते तीत लिहा, म्हणजे पुढची खरेदी कशाची करायची ते कळेल. पानं फाटतील, कडा दुमडतील. फाटलं तर रागावू नका, ज्याच्या हातून फाटलं त्यालाच जवळ बसवून चिकटवा आणि पुस्तक पेटीत परत घाला. पहिली पेटी तुमच्याच घरून निघू दे, भाचीची पाच-सहा पुस्तकं आहेतच. नातवाचं ते रोजचं एक मात्र त्याचं मन भरेपर्यंत घरीच ठेवा.